रुईचं भोकाचं पान

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि गावाच्या शेवटी एक फुलबाग होती, जिच्यात फूल मात्र कधी कुणाच्या नजरेस पडायचं नाही. ऐकायला गंमत वाटते, पण त्या बागेतल्या माणसांना त्यात काही गंमत वाटत नसे. बाग होती रावजी फुलाऱ्याची. जाईची कळी उमलली की तिचा गजरा टिकत नाही, म्हणून उजाडायच्या आत सगळ्या मिटल्या कळ्या खुडायच्या, ही फुलाऱ्यांची रीतच. शेवंतीने जरा डोळा उघडला की तीही परडीत. सूर्य डोंगरावर यायचा तेव्हा बागेत नुसती हिरवी पानं उरायची. फुलपाखरं येतील कशाला? ती कुंपणावरून पलीकडे निघून जायची.

कुंपणाशी रुईची सात झुडपं होती. दर शनिवारी मारुतीला रुईच्या एकवीस पानांची माळ जायची आणि तिच्या बदल्यात देवळातून घरात आठवड्याची ज्वारी यायची. देवाला भोकाचं पान चालत नाही, असं रावजीच्या बापाने त्याला सांगितलं होतं आणि रावजीने आपल्या लेकीला. त्यामुळे रुईवर अळी दिसली रे दिसली की ती दगडाने चिरडायची. हे काम थोरल्या तानीचं. तानी नऊ वर्षांची होती, मनाने लोण्यासारखी मऊ, पण या कामात तिचा हात अगदी बसला होता.

त्या वर्षी पाऊस सरता सरता तानीची आई तापाने गेली. धाकटी छबू तेव्हा चार वर्षांची. आजारात आईने तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, बागेत फुलपाखरं आली की मी उठेन हं. आईला नेलं तेव्हा छबू शेजारच्या घरी झोपली होती. उठून आली आणि आई कुठे म्हणून विचारू लागली, तेव्हा तानीच्या तोंडून निघून गेलं, "फुलपाखरं आली की येईल." बोलायला ते फार सोपं होतं.

तेव्हापासून छबू खिडकीपाशी घोंगडीवर पडून बागेकडे बघत असे. खेळत नसे, हसत नसे. दोन घास खाई, पुढे तेही नको म्हणू लागली. तिची इवलीशी मनगटं चिमणीच्या पायांइतकी बारीक झाली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, मान हलवली आणि रावजीला बाजूला घेऊन म्हणाले की पोर वाट बघून बघून झिजतंय, माझ्याकडे याचं औषध नाही. तानीने ते दाराआडून ऐकलं.

पुढच्या शनिवारी सकाळी ती हातात दगड घेऊन रुईपाशी आली. एका जाडसर पानावर एक अळी बसली होती. अंगावर पिवळे, काळे, पांढरे पट्टे आणि डोक्यावर दोन नाजूक काळ्या मिशा. पानाची कड ती अशी भराभर कुरतडत होती, जणू आठ दिवसांची उपाशी. तानीने दगड उचलला आणि तिला कालपासून तसंच झाकून ठेवलेलं छबूचं ताट आठवलं. तिचा हात खाली आला तो रिकामाच. दगड गवतात पडला होता.

"जेव बाई," ती अळीला म्हणाली. "निदान तू तरी जेव."

तेव्हा रुईच्या पानाआड दडलेल्या एकुलत्या जांभळ्या फुलावर काहीतरी लुकलुकलं. बोटभर उंचीची एक परी तिथे बसली होती. झगा दवाचा, केस सोनेरी, डोळे मधाच्या थेंबांसारखे. पण पंख बघून तानीला गलबलून आलं. केशरी, झिरझिरीत पंख जागोजागी फाटले होते आणि सगळीकडे बारीक बारीक भोकं होती.

"तू चिरडलेली एकेक अळी म्हणजे या पंखांवरून गळालेला एकेक ठिपका," परी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "तुला ठाऊक नव्हतं, बाळ. फुलपाखरं आधी अशीच असतात."

तानी मुसमुसू लागली. परीने तिला रडू दिलं आणि मग एक मागणं माग म्हणाली. तानीने आईला मागितलं. गेलेलं माणूस माझ्या हातात नाही, परी म्हणाली. मग तानीने छबूचा जीव मागितला. तोही माझ्या हातात नाही, परी म्हणाली. मी देईन ती फक्त फुलपाखरं. तानीने डोळे पुसले आणि फुलपाखरं मागितली.

"तीन गोष्टी पाळ," परी म्हणाली. "रुईवरच्या जिवाला हात लावायचा नाही, सगळं झाड खाल्लं तरी. खिडकीखालचा वाफा खुडायचा नाही, फुलं कोमेजली तरी. आणि मागणं पिकेपर्यंत खोटं बोलायचं नाही. एकदा जरी बोललीस तरी सगळं करपून जाईल."

तानीने तिन्ही गोष्टी कबूल केल्या. तिसरी तिला सगळ्यांत सोपी वाटली.

त्या शनिवारची माळ कशीबशी भरली. पण आठवडाभरात सात झुडपांच्या नुसत्या काड्या उरल्या. पट्टेरी अळ्या लठ्ठ झाल्या. खिडकीखाली पिवळी, पांढरी शेवंती उमलली आणि तशीच डोलत राहिली. रावजीने हे पाहिलं तेव्हा त्याचा संताप अनावर झाला. त्याने राखेचं घमेलं उचललं आणि तो रुईवरच्या अळ्यांवर राख फेकायला निघाला. तानी हात पसरून आडवी उभी राहिली. असं का केलंस म्हणून त्याने विचारलं आणि तिने खरं ते सांगितलं, परीसकट सगळं.

रावजीला त्यातलं एक अक्षरही पटलं नाही. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "पोरी, ज्वारी आली नाही तर तुला आणि छबूला घालू काय?"

"मी पानं आणते, आबा. पलीकडच्या माळावर रुई आहे."

माळ दोन कोसांवर होता. तानी अनवाणी गेली आणि ऊन उतरेस्तोवर एकवीस कोरी पानं पदरात घालून परत आली. तिच्या टाचा फुटून रक्त येत होतं. रावजीने माळ ओवली. मग राखेचं घमेलं त्याने चुलीमागे ठेवून दिलं.

मग एके दिवशी अळ्या दिसेनाशा झाल्या. काड्यांना कोषांचे हिरवे, गुळगुळीत मणी लटकलेले होते आणि त्यांच्यावर सोन्याचे ठिपके चमचम करत होते. तानीला हायसं वाटलं. त्याच दुपारी छबू भिंतीला धरून उठून बसली. तिने खिडकीतून खालची उमललेली शेवंती पाहिली. कितीतरी दिवसांनी तिच्या गालावर रंग आला होता.

"आक्का, आता फुलपाखरं येतील ना? मग आई येईल ना?"

हो म्हटलं तर छबू या क्षणी अर्धी भाकरी खाईल, हे तानीला दिसत होतं. आणि हो म्हटलं तर बाहेरचे मणी करपतील. पण तिला त्याहून वाईट एक गोष्ट दिसली. फुलपाखरं येतील, आई येणार नाही, आणि छबू पुन्हा वाट बघत बसेल. मग ती कशाने उठणार?

"नाही, छबू," ती म्हणाली. "आई मेली. ती येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं."

छबूने किंकाळी फोडली. मग ती रडू लागली, ती दिवे लागले तरी थांबली नाही. रावजी धावत आत आला, दोघींना छातीशी धरून बसला आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडला. छबूला ताप भरला. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. आपणच बहिणीला मारलं, असं तानीला वाटत राहिलं.

दोन दिवस ताप उतरला नाही. तिसऱ्या सकाळी तानी रुईपाशी गेली. हिरवे मणी काळे पडले होते. सगळे. आपण चुकून कधी खोटं बोललो का, हे ती आठवू लागली. काही आठवेना. ती मातीत बसून राहिली.

तेवढ्यात एक काळा मणी तडकला; तो करपला नव्हता, पिकला होता. आतून ओलं, चुरगळलेलं, केशरी काहीतरी बाहेर आलं, काडीला उलटं लोंबलं आणि हळूहळू उलगडलं. मग दुसरा तडकला, मग पाचवा, मग विसावा. ऊन कुंपणावर चढलं तेव्हा शेवंतीच्या वाफ्यावर केशरी पंखांची नुसती झिलमिल चालली होती. घरात छबूच्या कपाळाला घाम फुटून ताप उतरला होता. रावजीने तिला घोंगडीसकट उचलून बाहेर आणलं. एक फुलपाखरू तिच्या बारीक मनगटावर बसलं.

"आई नाही ना आली?" छबूने विचारलं.

"नाही गं."

"मग हे कुणाला भेटायला आलं?"

"तुला," तानी म्हणाली, आणि ते खरं होतं.

छबू त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आक्का, भूक लागली."

तानीने कुंपणाकडे पाहिलं. रुईच्या काडीवर उरलेल्या जांभळ्या फुलावर परी उभी होती. तिच्या पंखांवर आता एकही भोक नव्हतं, जागोजागी शुभ्र ठिपके लखलखत होते. तिने इवलासा हात हलवला. ऊन एकदम पांढरं झालं, तानीचे डोळे दिपले, आणि ते उघडले तेव्हा फूल नुसतं हलत होतं.

त्या सालापासून रावजीच्या बागेत जाईला दुप्पट कळ्या धरू लागल्या, घरात ज्वारी कधी कमी पडली नाही, आणि खिडकीखालचा वाफा कुणी खुडला नाही. पण हे पुढचं झालं. त्या सकाळी छबू उंबऱ्यावर बसून कोरभर भाकरी दुधात कुस्करून खात होती आणि तानी तिचा एकेक घास बघत होती. शेजारी रावजी शनिवारची माळ ओवत होता. वीस पानं माळावरची, कोरी होती. एकविसावं त्याने रुईच्या बुंध्याशी उरलेलं घेतलं, भोकाभोकाचं, आणि बरोबर मधोमध ओवलं.

देवाने ते परत पाठवलं नाही.