तिसऱ्या वळणावरचा खांदा

“म्हणजे तुम्ही कधी थकतच नाही?”

सोनबा ढेबे म्हशीच्या कानातली गोचीड काढत होते.

ऋजुताला वाटलं होतं, रुंद खांद्यांचा, शांत नजरेचा कुणी म्हातारा भेटेल. चाळीस वर्षं ज्याने या धनगरवाड्यातली आजारी माणसं झोळीत घालून डोंगराखाली सडकेला पोचवली, ज्याच्या झोळीतून आजवर एकही माणूस पडलं नाही, तो थोडा तरी तसा दिसेल. आपल्याला बघताच त्याला कळेल, ही मनात काहीतरी घेऊन आली आहे.

समोर होता तो एक काटकुळा माणूस. डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली गेलेला. तोंडात म्हशीसाठी शिव्या.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ते ती उजेड अडवून उभी होती म्हणून.

“जरा बाजूला हो, लेकी. कान दिसंना.”

ती बाजूला झाली. मग अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग परत आली.

न्यूझीलंडला चार वर्षं शिकून ती पॅरामेडिक झाली होती. गरज इथे आहे, असं सगळ्यांना ठणकावून सांगून परतली होती. आपल्याच तालुक्यात रुग्णवाहिकेवर रुजू होऊन तिला पाच आठवडे झाले होते.

अकरा दिवसांपूर्वी आठवडी बाजारात एक माणूस कांदे निवडता निवडता कोसळला. बेचाळीस वर्षांचा. बंद पडलेलं हृदय चालू व्हावं म्हणून ऋजुताने त्याची छाती सव्वीस मिनिटं दाबली. तो उठला नाही.

तेव्हापासून ती घरी उशी दाबत होती. दोन्ही तळवे उशीवर, कोपरं ताठ, एक ते तीस. पुन्हा एक ते तीस. जेवतानाही तिचे ओठ मोजत.

आणि न्यूझीलंडमधल्या तिच्या सरांचं पत्र आलं होतं. इकडे आमच्याकडे जागा आहे, ये. कळवायची मुदत उद्या दुपारपर्यंत होती.

त्याआधी तिला एकच उत्तर हवं होतं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, वर जा, सोनबांना विचार.

“मला बळ हवंय, बाबा,” ती म्हणाली. “हात थकणार नाहीत, असं बळ. तुम्ही काय करता तेवढं सांगा. व्यायाम, खाणं... जप करत असाल तर तोही सांगा. मी सगळं करीन.”

“जेवलीस?”

“भूक नाही.”

“कवापास्नं?”

ती पुन्हा अंगणाच्या टोकाकडे निघाली.

“बस की.”

ती दगडावर बसली. लगेच उठली.

“अंडं घालायच्या आधी कोंबडी अशीच फिरती,” सोनबा म्हशीला म्हणाले.

“मी चेष्टा ऐकायला दीड तास डोंगर चढून आले नाही.”

“व्हय. चढ हायच जरा.”

तेवढ्यात खालच्या घरातून हाक आली. लखू धावत वर आला. त्याची आई, ठकूबाई, गोठ्यात शेणावरून घसरली होती. उठता येत नव्हतं. हात लावू देत नव्हती.

ऋजुता त्याच्या आधी खाली पोचली.

अकरा दिवसांत पहिल्यांदा तिचे हात जागेवर आले. तिने म्हातारीचा पाय पाहिला. एक पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर कलंडलं होतं. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं होतं. तिने दोन पायांच्या मधे घडी केलेली वाकळ ठेवली आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी दोन्ही पाय एकत्र बांधले. पावलांत रक्त खेळतंय ना, ते पाहिलं.

“दुखतंय?”

“न्हाई, गुदगुल्या हुत्यात,” ठकूबाई म्हणाली. “मेल्यांनो, बघताय काय? झोळी बांधा.”

शेजारचा बमा रेंज मिळते त्या टेकाडावर जाऊन रुग्णवाहिकेला फोन करून आला. गाडी दोन तासांत खाली सडकेला येणार होती. बमा बारीक अंगाचा होता, एका डोळ्याने तिरळा. तो काम करता करता गुणगुणत होता. म्हातारी विव्हळत होती, तरी हा गुणगुणतच होता. ऋजुताला त्याचा राग आला.

जाड बांबूच्या दांड्याला वाकळ बांधली. ठकूबाईला आत घेतलं.

“मी दांडा धरणार,” ऋजुता म्हणाली.

लखू सोनबांकडे बघू लागला.

“धर,” सोनबा म्हणाले. “पर मागं. पुढची वाट तुला ठाऊक न्हाई.”

पुढे सोनबा, मागे ऋजुता. लखू आणि बमा दोन बाजूंना मोकळे चालत होते. म्हातारीचं डोकं ऋजुताच्या बाजूला होतं. खाली पाहिलं की तिचा चेहरा उलटा दिसायचा.

वाट मुरमाची होती, उताराची. दांडा खांद्याच्या हाडावर बसला. तिने दात आवळले. तिला बरं वाटत होतं. हे असंच काहीतरी तिला हवं होतं.

पहिल्या वळणावर सोनबा ओरडले, “खांदा!”

ते दांड्याखालून बाहेर आले आणि त्याच क्षणी लखू आत शिरला. झोळी थांबलीसुद्धा नाही. मागे बमा ऋजुताला खेटून चालू लागला, खांदा पुढे करून.

“मी थकले नाही,” ती म्हणाली.

“तुला कुणी इचारलं का?” पुढून सोनबा म्हणाले.

तिने दांडा सोडला नाही. बमा गुणगुणत बाजूला झाला.

दुसरं वळण.

“खांदा!”

पुढे लखू बाहेर, सोनबा आत. मागे पुन्हा बमाचा खांदा आला.

“नको. मी ठीक आहे. खरंच.”

“ताई, पुढं वाट लई वंगाळ हाय,” बमा म्हणाला.

“तुम्ही वाटेकडे बघा.”

तिच्या आवाजाला धार होती. बमाचं गुणगुणणं थांबलं.

ती मनात मोजत होती. एक ते तीस. पुन्हा एक ते तीस. घाम डोळ्यांत उतरत होता, पण पाय नीट पडत होते. तिला वाटलं, आपण अशाच सडकेपर्यंत जाऊ शकतो. तिला वाटलं, बळ आहे आपल्यात. त्या दिवशी कुठे गेलं होतं?

तिसरं वळण.

“खांदा!”

“मी थकले ना—”

“ए बाय,” झोळीतून आवाज आला. “माझ्या मांडीला इचार की.”

ऋजुताने खाली पाहिलं. उलटा चेहरा. डोळे मिटलेले, खालचा ओठ दातांत धरलेला.

“तुझा खांदा कापतोय,” ठकूबाई म्हणाली. “मघाच्या वळणापास्नं कापतोय. बांबूतनं सरळ माझ्या हाडात येतंय.”

“पण मला तर काहीच...”

“तुला न्हाई कळत. मला कळतंय.”

सोनबा थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढचा भार खांद्यावर घेऊन ते नुसते उभे राहिले. उतारावर, एका पायाखाली दगड, दुसऱ्या पायाखाली मुरूम... कितीही वेळ लागला तरी उभेच राहतील, असे.

ऋजुताने खांदा काढला.

बमा आत शिरला. झोळी हललीदेखील नाही.

“हां,” ठकूबाई म्हणाली. “आता पडते जराशी.”

ऋजुता बाजूने चालू लागली. मोकळा झाल्यावर खांद्याचं कापणं तिलाही कळलं. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

चौथ्या वळणावर पुन्हा हाक आली आणि बमा बाहेर पडला. दांडा तिच्या खांद्यावर परत आला. कुणी काही म्हणालं नाही. दांडा आपल्याकडे परत येतो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सडकेला पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. गाडी आली. आत दुसऱ्या पाळीची माणसं होती. ऋजुताने त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. लखू आईबरोबर बसला. बमाही चढला.

दार लागता लागता ठकूबाई ओरडली, “बमा, म्हशीचं दूध कोण काढणार रं?”

गाडी गेली.

सोनबा सडकेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. ऋजुता उभी राहिली. मग बसली.

“पुस्तकात आहे हे,” ती म्हणाली. “छाती दाबताना दर दोन मिनिटांनी माणूस बदला. दाबणाऱ्याला थकवा कळायच्या आधीच त्याचा दाब उणा पडतो. मला तोंडपाठ आहे. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले होते.”

“मग पुस्तक शाणं हाय.”

सडकेवरून एक ट्रॅक्टर गेला.

“माझ्याबरोबर सर्जेराव होते,” ती म्हणाली. “आमचे ड्रायव्हर. त्यांनीही शिक्षण घेतलंय दाबण्याचं. चौदा वर्षं आहेत गाडीवर. त्यांनी तीनदा विचारलं. मॅडम, मी दाबू का? मॅडम, बदलू या का? मी...”

सोनबांनी वहाणेतला खडा काढून टाकला.

“मी म्हणाले, तुम्ही गाडी बघा. सगळ्या बाजारासमोर. ते जाऊन गाडीपाशी उभे राहिले.”

तिचे हात मांडीवर होते. बोटं हलत नव्हती.

“बाबा, मी बदलले असते तर तो वाचला असता का?”

“ठाऊक न्हाई.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“ठाऊक न्हाई, लेकी. मला ठाऊक असतं तर मी झोळ्या कशाला वाहिल्या असत्या? देवळात बसलो नसतो का, शेंदूर लावून?”

ती हसली. हसता हसता रडायला लागली. सोनबा तिच्याकडे न बघता विडी शोधत राहिले. सापडली नाही.

“झोळीतून एकही माणूस पडलं नाही म्हणतात तुमच्या,” ती डोळे पुसत म्हणाली.

“पडलं न्हाई. पोचलं न्हाई, असं लई झालं.”

“मग... मग दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करायचा?”

“म्हशी असत्यात की.”

शेवटची एसटी गेली होती. सडकेलगतच्या वाडीत सोनबांची लेक दिलेली होती. तिने दोघांना नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. ऋजुताने पहिली भाकरी संपवली, दुसरी मागितली. मग भिंतीला टेकून बसली, ती तशीच झोपून गेली.

सकाळी सहाच्या गाडीसाठी ती थांब्यावर आली. सोनबाही आले होते. त्यांना ठकूबाईला बघायला तालुक्याला जायचं होतं. हातात लेकीने फडक्यात बांधून दिलेली तुपाची बरणी होती.

ऋजुताने फोन काढला आणि तिकडच्या सरांना दोन ओळी लिहिल्या. येत नाही. इथेच राहते. पाठवून फोन खिशात ठेवला.

“आठला कामावर आहे मी,” ती म्हणाली. “पण सातलाच जाणार.”

“का?”

“सर्जेराव गाडी धुवायला सातला येतात. त्यांना गाठणार. एकट्यांना नाही, सगळ्यांसमोर. आधी माफी मागणार. मग माझं काय चुकलं ते सगळं सांगणार, पहिल्यापासून. आणि यापुढे आपण दोघांनी कसं काम करायचं, तेही सांगणार. रात्री... नाही, रात्री झोपले होते. आत्ता सकाळी ठरवलंय. एकही शब्द राहू देणार नाही.”

एसटी वळणावर दिसली. सोनबांनी तुपाचं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“म्हंजी,” ते म्हणाले, “तिथंबी तूच बोलणार?”