डोहात सोडलेले विराम

एका राज्यात बोलण्याचा सुकाळ होता आणि थांबण्याचा दुष्काळ. राजाचे नाव हेमांगद. त्याच्या पदरी तीनशे दूतशुक होते, म्हणजे निरोप पोचवणारे पोपट. ज्याला काही कळवायचे असे, तो चार ओळी खरडून पोपटापुढे धरी. पोपट त्या पाठ करी, गावे ओलांडून जाई आणि म्हणून दाखवी. उत्तर त्याच दिवशी येई. मग त्या उत्तराला उत्तर जाई. एवढ्या घाईत चिन्हे घालायला सवड कुणाला? स्वल्पविराम गेला, प्रश्नचिन्ह गेले, पूर्णविरामही गेला. बाजारात कुणी चुकून निरोपाच्या शेवटी पूर्णविराम दिलाच, तर घेणारा दचकून विचारी, "का हो, रागावलात काय?"

चिन्हे उरली होती ती एकाच ठिकाणी, उमाइसेच्या पाठशाळेत.

उमाइसा साठी ओलांडलेली, अंगाने काटक, बोलण्याने मोजकी. देवपूजा आटोपून ती सूर्योदयाला पाठशाळेत येई आणि वेताची काठी भुईवर ठोकून लहान मुलांना विराम शिकवी. स्वल्पविरामाला एक ठोका. प्रश्नचिन्हाला दोन. पूर्णविरामाला तीन, ते पडेपर्यंत दोन्ही तळवे जमिनीवर टेकायचे आणि तोंड मिटायचे.

"पण बाजारात कुणीच थांबत नाही," मुले म्हणत.

"ऐकणाऱ्यालाही जीव असतो," उमाइसा म्हणे. "पुढचे वाक्य वाचा."

त्या राज्यात एक रिवाज होता. बारावे वर्ष लागले की मुलाने पिंपळाची तीन पाने घ्यावीत, त्यांवर हळदीच्या पाण्याने तीन चिन्हे काढावीत आणि ती नदीच्या डोहात सोडावीत. याला चिन्हविसर्जन म्हणत. मूल मोठे झाले, आता त्याला थांबायचे कारण नाही, असा त्याचा अर्थ. घरोघर गूळखोबरे वाटले जाई. उमाइसा त्या दिवशी उपास करी.

राजाला एकच कन्या होती, कुमुद्वती. तिला सातवे वर्ष लागले होते. आपली लेक लवकर दरबारात बसावी असे राजाच्या मनात आले, आणि त्याने पाच वर्षे आधीच तिचे विसर्जन ठरवले.

विसर्जनाच्या दिवशी उमाइसा घाटावर गेली. "महाराज, हिचे शिकणे अजून झालेले नाही. पूर्णविराम तर कालच काढला."

"मोठेपणी तो लागतो कुणाला?" राजा हसला. राजा हसला म्हणून दरबारही हसला.

मुलीने पाने सोडली. तिसरे पान पाण्याला टेकले मात्र, ती पायऱ्या चढता चढता बोलू लागली. "बाबा पाणी फार गार होते आणि एक मासा माझ्याकडे बघत होता आणि त्याला मिशा होत्या आणि आपल्या प्रधानजींनापण तशाच आहेत आणि ते झोपले की हलतात आणि..."

सगळे हसले. दुपारी हसणे कमी झाले. दिवे लागले तेव्हा कुणीच हसत नव्हते. मुलगी थांबत नव्हती. तोंडात घास जाईना, कारण तोंड मिटत नव्हते. डोळा लागेना, कारण वाक्य सरत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज फाटला, तरी ओठ चालूच राहिले. राणीने तिचे तोंड पदराने झाकून पाहिले. पदराआडूनही शब्द आले. राजवैद्याने नाडी पाहिली आणि मान खाली घातली. "उद्याचा सूर्यास्त, महाराज. त्यापुढे हिच्या छातीत श्वास उरणार नाही."

राजपुरोहिताने जुनी पोथी सोडली. तीत लिहिले होते: डोहाच्या तळाशी कालजिव्ह नावाचा मांत्रिक राहतो. शिकून टाकून दिलेले प्रत्येक चिन्ह त्याच्या भांडारात जमा होते, आणि ते भांडार शापित आहे. जे मूल शिकण्याआधीच टाकते, त्याचा श्वासही चिन्हामागून जातो. ज्याने शिकवले, त्यालाच ते परत आणता येईल, दुसऱ्याला नाही.

राजा अनवाणी पाठशाळेत आला. मुले उठून उभी राहिली. राजा काही बोलणार, तोच उमाइसेने काठी उचलली.

"चूक माझी," राजा म्हणाला.

"तिचा विचार मागाहून. मूल आधी."

पाठशाळेच्या कडुनिंबावर एक म्हातारा दूतशुक राहत असे. नाव मंजुघोष; आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. चाकरी सोडून त्याला दोन वर्षे झाली होती.

"वाट मला ठाऊक आहे, बाईसा," तो म्हणाला. "डोहावरून मी हजार वेळा उडालो. विरामाशिवायचे निरोप नेत होतो ना! श्वास कुठे घ्यावा ते कळायचे नाही. माझे दोन भाऊ एका दमात निरोप म्हणता म्हणता त्या डोहात पडले. एकाचा निरोप तर फक्त लोणच्याबद्दल होता."

"मग चल," उमाइसा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवताच दोघे डोहाशी आली. काठच्या उंबराखाली पायऱ्या होत्या. त्या पाण्यात उतरत होत्या, आणि पाणी अंगाला लागत नव्हते. उमाइसेने देवाचे नाव घेतले आणि ती उतरली.

तळाशी काळ्या वाळूचा ओढा वाहत होता. त्यात शंभर दगड होते, आणि पैलतीरी दगडावर कुमुद्वतीचे एक पिंपळपान ठेवलेले होते, त्यावर स्वल्पविराम.

"जो धावत जातो तो घसरतो," मंजुघोष म्हणाला. "जो दगडावर रेंगाळतो, त्याला दगड गिळतो."

उमाइसेने काठी टेकली. तीन पावले, एक ठोका. तीन पावले, एक ठोका. वाळू खवळली, पण दगड हलले नाहीत. चाळीस वर्षे जे शिकवले तेच तिने केले. तिने पहिले पान उचलून पदरात बांधले. मनात तिला थोडे बरे वाटले. नियम खरा ठरला होता.

पुढे दोन वाटा फुटत होत्या. फाट्यावर एक जखीण बसली होती. तिच्या केसांत शेवाळ होते, आणि मांडीवर दुसरे पान होते.

"आजी, कालजिव्हाकडे कोणती वाट जाते?" उमाइसेने विचारले. तिने दोन ठोके दिले. जखीण गप्प. उमाइसा उजवीकडे वळली. वाट चालून चालून संपली, ती पुन्हा त्याच फाट्यावर. तिने परत विचारले, परत दोन ठोके दिले, आणि डावीकडे वळली. तीही वाट फिरून फाट्यावरच आली. सूर्य माथ्याकडे सरकला होता. पाण्यातून त्याचा उजेड हिरवा दिसत होता.

"बहिरी आहे की काय ही?" उमाइसा म्हणाली.

"बहिरी नाही. सावकाश आहे," मंजुघोष म्हणाला. "शंभर वर्षे लोक हिला वाट विचारतात आणि उत्तराआधीच चालू लागतात. बाईसा, रागावू नका, पण तुमचे दोन ठोकेही त्यातलेच."

उमाइसा रागावली. मग तिला पाठशाळेतली एक मुलगी आठवली, कुंभाराची रेणका. प्रश्न विचारला की रेणका छताकडे बघे. दोन ठोके होत, आणि उमाइसा पुढच्या मुलाकडे वळे. अशी तीन वर्षे गेली होती. रेणकेला काय येते, हे उमाइसेला आजवर कळलेले नव्हते. मंद आहे, असे तिने परस्पर ठरवून टाकले होते.

तिने काठी बाजूला ठेवली. जखिणीसमोर ती मांडी घालून बसली.

"आजी, कालजिव्हाकडे कोणती वाट जाते?"

आणि ती थांबली. ठोका दिला नाही. सूर्य माथ्यावर आला आणि कलला. तिकडे मुलीचा श्वास आटत होता. ते आठवूनही उमाइसा जखिणीच्या तोंडाकडे पाहत राहिली. पुष्कळ वेळाने जखिणीचे ओठ हलले.

"दोन्ही... नव्हेत. माझ्या... मागून."

जखीण उठली. ती जिथे बसली होती, त्यामागेच तिसरी वाट होती. तिने मांडीवरचे पान उमाइसेच्या हातात दिले.

"तू... थांबलीस," जखीण म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. शंभर वर्षांत तिने पहिल्यांदाच उत्तर पुरे केले होते.

उमाइसा काठी उचलून त्या वाटेने निघाली. वाट भांडाराशी संपली. भांडार डोंगराएवढे होते. पिढ्यान्‌पिढ्यांनी टाकलेली पाने तिथे सोन्याची होऊन पडली होती, आणि पूर्णविराम मोहरीच्या राशीसारखे चमकत होते. राशीभोवती माणसांचे दगड उभे होते. प्रत्येकाचा हात पुढे, प्रत्येकाचे तोंड उघडे.

"हे कोण?" उमाइसेने हळू विचारले.

"मागणारे," मंजुघोष म्हणाला. "कालजिव्ह मागेल त्याला देतो, हे त्याच्यावरचे बंधन आहे. पण मागणे थांबल्यावर देतो. यांच्यातला कुणी थांबला नाही. सूर्यास्त झाला, की मागत असलेला दगड होतो."

राशीच्या माथ्यावर कालजिव्ह बसला होता. त्याची जीभ कमरेपर्यंत लोंबत होती आणि वाणी मधासारखी होती.

"ये, उमाइसा. तुझी वाटच पाहत होतो. काय हवे?"

"एक पान. कुमुद्वतीचा पूर्णविराम."

"एवढेच? चाळीस वर्षे शिकवलेस. तू शिकवलेली सारी मुले इथे येऊन सगळे टाकून गेली. बघ, ही सगळी तुझ्याच हातची अक्षरवळणे. हा प्रधान. हा कोतवाल. हा खुद्द राजा." त्याने मूठभर पाने वर धरली. "हे भांडार माग. मग राज्यातली प्रत्येक जीभ तुझ्या काठीच्या ठोक्याला थांबेल. बाजारात, दरबारात, घराघरांत. तुला कुणी पुन्हा हसणार नाही."

उमाइसेचे मन डळमळले. घाटावरचे हसू तिच्या कानात होते. हेच तर ती देवाकडे रोज मागत आली होती. तिने तोंड उघडले.

"आधी एक पान..." ती म्हणाली, आणि तिला पुढचा "आणि" जिभेवर आलेला जाणवला. भोवतीच्या दगडांची तोंडे त्याच अक्षरावर उघडी राहिली होती. डोहावरचा उजेड तांबूस होऊ लागला होता.

ती खाली बसली. चाळीस वर्षे मुलांना जे करायला लावले, ते तिने स्वतः कधी केले नव्हते. तिच्या हातात नेहमी काठी असे. तिने काठी सोडली, दोन्ही तळवे वाळूवर टेकले, आणि म्हणाली, "एक पान. पुरे."

"वेडी आहेस. अर्धे भांडार घे."

उमाइसा गप्प.

"बरे, निदान राजाचे पान घे. त्याला नमव. प्रधानाचे घे. नुसते हो म्हण!"

उमाइसा गप्प. बोलणे संपले होते आणि ते तिने उघडले नाही. कालजिव्ह ओरडला, विनवू लागला, मग हळूहळू त्याची जीभ आखडत गेली. ज्याच्याशी बोलावे असे समोर कुणी उरले नव्हते. शेवटी त्याने राशीतून हळदीचे चिन्ह असलेले एक पिंपळपान काढले, तिच्यापुढे ठेवले, आणि हजार वर्षांचा दमलेला जीव तसाच तिथे आडवा झाला. रास विरघळली. उभ्या दगडांची तोंडे मिटली. ती माणसे झाली आणि मुकाट्याने घरच्या वाटेला लागली.

उमाइसा मंजुघोषाला खांद्यावर घेऊन राजवाड्यात पोचली तेव्हा सूर्य गच्चीच्या कठड्याला टेकला होता. मुलीच्या ओठांना रक्त होते, आवाज उरला नव्हता, शब्द मात्र चालू होते. राणी तिला कुशीत धरून होती.

उमाइसेने पहिले पान तिच्या तळव्यात ठेवले. शब्दांच्या मध्ये छोटे श्वास येऊ लागले. दुसरे पान ठेवले. मुलीने डोळे वर केले.

"उमाइसा, मी मरणार का?"

आणि ती उत्तराची वाट पाहू लागली.

"नाही, बाळा."

तिसरे पान ठेवले. कुमुद्वती राणीच्या कुशीतून उतरली, काल-परवाच शिकलेले आठवून तिने दोन्ही तळवे फरशीवर टेकले. "मी दमले," ती म्हणाली. तिचे तोंड मिटले. ती तिथेच कलंडली आणि गाढ झोपली.

मग राजाने हलक्या आवाजात म्हटले, "आज्ञा काढतो. राज्यात जो चिन्ह चुकवील, त्याला शिक्षा."

"नको," उमाइसा म्हणाली. "शिक्षेच्या भयाने माणूस थांबत नाही, नुसता अडतो. बाजाराने बाजारासारखे लिहावे. ज्याचा निरोप, त्याने पोपटाला श्वासापुरती जागा द्यावी, म्हणजे झाले. मुलांना मी शिकवीन. मलाही थोडे शिकायचे आहे. विसर्जन मात्र बंद करा. देवाने दिलेला श्वास पाण्यात सोडायचा नसतो."

"बंद केले," राजा म्हणाला. तो लेकीच्या उशाशी बसून राहिला.

कुमुद्वती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. दरबार भरला होता, प्रधान दाराशी खोळंबले होते, तरी राजा जागचा हलला नव्हता.

"बाबा, मला भूक लागली आहे," ती म्हणाली.

राजाने श्वास रोखला. पुढे काही येते का, ते तो ऐकत राहिला. काहीच आले नाही. मुलगी त्याच्याकडे बघत होती. मग राजा उठला, मुदपाकखान्यात गेला, आणि स्वतःच्या हातांनी दहीभात कालवून घेऊन आला. तिने सारा संपवला.

त्या लेकराच्या मुखी जसा घास पडला आणि डोळ्यांवर झोप उतरली, तसा घास आणि तशी झोप, देवा, घरोघरच्या लेकरांना लाभो. सांगणे सरले.