म्हाळू गिरणीवाल्याची नाणेपारख

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. त्याची बायको ठकू त्याला काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही. नाव त्याचं म्हाळू. अंगात बैलाचं बळ होतं, आणि देवाने डोकंही त्याच मापाचं दिलं होतं.

ठकूला एकच घोर होता. मुलगी शेवंता लग्नाची झाली होती आणि बापाची कीर्ती पंचक्रोशीत पसरली होती. आलेली स्थळं म्हाळूशी चार शब्द बोलायची आणि चहा न घेताच उठायची. आता सोनगावचे भिसे येणार होते. हे स्थळ गेलं तर पुढे कोण येणार?

म्हाळूला त्याचं काही नव्हतं. दळणाला आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं, की चिल्लरीत जुनं नाणं सापडलं तर माणूस श्रीमंत होतो. झालं. गिरणी घरघरत राहायची आणि हा गल्ला उपडा करून चिल्लर चिवडत बसायचा. एकदा खरंच एक काळंकुट्ट नाणं सापडलं. शहाण्याने ते चिंच आणि राखेने इतकं घासलं, की अक्षरं गेली, चित्रही गेलं. उरलेली चकती घेऊन तो बाजारात जुनी नाणी विकणाऱ्या तांबटनानांकडे गेला.

नानांनी कपाळ बडवलं. "अरे गाढवा, घासायचं नसतं! मळ काढलास की मोल गेलं."

"आता नाही घासणार, नाना."

आणि शब्दाला जागला की! दुसऱ्या दिवशी मिरची दळून झाल्यावर चक्की झाडली नाही. तशीच त्यात गंगाकाकूंचे गहू ओतले. काकूंच्या घरात पोळीचा पहिला घास घेऊन सगळे रडले.

"मेल्या, चक्की झाडली का नाहीस?" काकू ओरडल्या.

"मोल जातं, काकू."

नानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, ते नाण्याचं सांगितलं होतं! आता नीट ऐक. नाण्यात चूक शोधायची. ठसा सरकलेला, काठ वाकडा. चुकलेलं असेल तेच मोलाचं."

"आता चुकलेलंच घेणार, नाना."

पाहुण्यांसाठी ठकूने त्याला कपबश्या आणि नारळ आणायला पाठवलं. त्याने शोधशोधून बिनकानाचे कप आणले, तडकलेल्या बश्या आणल्या आणि नासका नारळ आणला. दुकानदाराने असलं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नव्हतं.

ठकू रडली. मग शेजारून कपबश्या मागून आणल्या.

नाना आता हात जोडून म्हणाले, "म्हाळू, एवढं शेवटचं. कुणी जुना रुपया दिला, तर तसाच घेऊ नकोस. दिसायला चकचकीत असला तरी भुलू नकोस. आधी फरशीवर टाक. खणकन वाजला तर खरा. बद्द वाजला तर खोटा. एकदा घेतलास की जन्मभर रडशील."

"आता टाकल्याशिवाय नाही घेणार, नाना."

भिसे आले. नवरामुलगा नामदेव तेल लावून, भांग पाडून, पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. ठकूने म्हाळूला बजावलं होतं, "तोंड उघडायचं नाही." त्याने उघडलं नाही. त्यामुळे सगळं छान चाललं होतं.

शेवंता पसंत पडली. मुलाच्या वडिलांनी खिशातून आजोबांच्या वेळचा चांदीचा रुपया काढला आणि तिच्या हातावर ठेवला. "मुलगी आमची झाली," ते म्हणाले. "म्हाळूराव, आता हा जावई तुमचा."

ठकूने देवाला हात जोडले.

म्हाळूने जावयाकडे पाहिलं. चकचकीत दिसत होता. जन्मभराचा प्रश्न होता.

तो उठला. रोज पोती उचलणारा गडी! त्याने नामदेवच्या काखांत हात घालून त्याला डोक्याएवढं उचललं आणि शहाबादी फरशीवर सोडलं.

बद्द!

"आई गं!" नामदेव कंबर धरून किंचाळला.

म्हाळू मान हलवत म्हणाला, "हा नको आम्हाला. घेऊन जा."

एकच गोंधळ उडाला. मुलाच्या वडिलांनी शेवंताच्या हातातला रुपया हिसकावला. त्या हिसक्यात तो निसटला आणि त्याच फरशीवर पडला. खणकन वाजला. तो उचलून, पोराला खांद्यावर घेऊन, शिव्या देत भिसे निघून गेले.

ठकू पदरात तोंड घालून रडू लागली. म्हाळूने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नकोस, ठके. ऐकलंस ना? रुपया खरा होता. नवराच खोटा निघाला."