तीन वाव पाणी

पाव्हणे, शिसं हातात घेण्याआधी एवढं सांगा. भरवसा कोणावर ठेवावा, दोरीवर की दोरी मापून देणाऱ्यावर? घाई नाही. भरतीला अजून अवकाश आहे, चहाही यायचा आहे. तोवर जरा मान वर करून आढ्याकडे बघा.

आगरवेळच्या पाणजाईच्या या सभामंडपात घंटा एकच, दोऱ्या मात्र पुष्कळ. काथ्याच्या, धुराने काळ्या पडलेल्या, दुहेरी करून तुळईला टांगलेल्या. डावीकडची पहिली जवळजवळ जमिनीला टेकते. शेजारची थोडी वर थांबते, तिच्या पलीकडची आणखी वर. शेवटची तर आपल्या कमरेपाशीच संपते. येणारे विचारतात, नवसाच्या का हो? नवसाच्या नव्हेत. यातली प्रत्येक दोरी तीन वावांची आहे. वाव म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. सगळ्या तीन वाव, आणि एकही दुसरीएवढी नाही.

आता पायाखाली बघा. या फरशीवर कोरला आहे तो नकाशा. पहिल्यांदा बघणारा हमखास चुकतो, कारण यात वरची बाजू उत्तर नाही, पूर्व आहे. समुद्रावरून घरी येणाऱ्याला जे समोर दिसतं ते वर. हे खाडीचं तोंड, ही दोन बाजूंची दोन नाकं, हा कुंभ्या डोंगर, त्यातली ही खिंड. ज्या मूळ तांडेलाने, गलबताच्या म्होरक्याने, बंदर वसवलं त्याने गलबतांसाठी वाट आखून दिली: देवळाची दीपमाळ आणि कुंभ्याची खिंड एका रेषेत धरा आणि सरळ आत या, तळापर्यंत तीन वाव पाणी आहे. तो माणूस माडासारखा उंच होता म्हणे. त्याच्या हातांनी मापलेली ती पहिली दोरी.

दर नारळी पुनवेला खाडीचं तोंड मोजायची चाल त्यानेच पाडली. देवीपुढे एक माणूस हात पसरून उभा राहायचा, त्याला वावकरी म्हणत. गुरव त्याच्या हातांवर तीनदा दोरी ताणून गाठी मारायचा, टोकाला शिसं बांधायचा. भरतीला होडी तोंडाशी नेऊन दोरी सोडायची. तिसरी गाठ भिजली आणि शिसं तळाला टेकलं की शंख वाजायचा आणि काठावरून आरोळी उठायची, "तीन वाव पाणी!" ती आरोळी मग मस्कतला, बसऱ्याला, झांजिबारच्या धक्क्यावरही पोचायची. परमुलखातले व्यापारी आगरवेळचा माल डोळे मिटून भरायचे.

पण बंदर वाढलं तशी गलबतं वाढली, आणि गलबतांना लाकूड लागतं. डोलकाठ्या, फळ्या, वल्ही, सगळं कुंभ्यावरून उतरलं. डोंगर बोडका झाला. पावसाने त्याची माती सोलली आणि वाघण नदीच्या पाठीवर घातली. नदीचं हमालासारखं असतं. चालती आहे तोवर ओझं वाहते, समोर समुद्राने छाती लावली की तिचं पाऊल थबकतं आणि ओझं तिथेच पडतं. आधी वाळू, मग गाळ. दर पावसाळ्याला एक थर. वरून बघणाऱ्याला पाणी तेवढंच निळं.

मूळ तांडेल गेला, दुसरा वावकरी आला. त्याचे हात जरा आखूड होते, पाणीही जरा कमी झालं होतं. तिसरी गाठ भिजली, शंख वाजला, कोणाच्या मनात काही आलं नाही. पुढे मात्र बंदराच्या महाजनांच्या मनात आलं, असं सांगतात. कापड हाताने मोजायचे तेव्हा काही दुकानदार मोजायला मुद्दाम आखूड हाताचा गडी बसवीत. गिऱ्हाइकाला एक अक्षर खोटं सांगावं लागत नसे. महाजनांनी तेच केलं. प्रत्येक नवा वावकरी आधीच्याहून थोडा बुटका. शब्द खरे, शंख खरा, देवीही साक्षीला. पाणी तेवढं कमी होत राहिलं.

अशा वेळी निवड झाली रवळूची.

रवळू हा हरबा तांडेलाचा धाकटा भाऊ. अंगाने इतका ठेंगणा की वल्ह्याला हात पुरत नसे, म्हणून कोणी गलबतावर घेत नसे. गावात त्याचं नाव बुटक्या. तो वहिनीबरोबर, येसूबरोबर, काथ्या वळायचा. एके दिवशी बंदराचा थोरला महाजन माणकशेट स्वतः त्यांच्या अंगणात आला आणि म्हणाला, "रवळूबुवा, देवीने कौल दिला. यंदापासून वावकरी तुम्ही."

बुटक्याचा रवळूबुवा झाला. पालखीपुढे चालू लागला. बाया लेकरांना त्याच्या पायांवर घालत. येसू हसून म्हणायची, "भावजी, हात जपा हो. उद्या वाढले तर मान जायचा!" तोही हसायचा. आपले हात कोणाच्या उपयोगी पडले याचं त्याला इतकं सुख झालं होतं की का पडले हे विचारायचं राहून गेलं.

तीन-चार वर्षं अशी गेली. मग एका वैशाखात देवळाची शाकारणी निघाली. कौलं उतरवली. जुन्या वावकऱ्यांच्या दोऱ्या गुंडाळ्या करून खुंट्यांवर ठेवलेल्या असत, त्यांना कसर लागली होती. गुरवाने रवळूला सांगितलं, उन्हात घाला. रवळू आणि येसू एकेक गुंडाळी सोडून तुळईवर टाकत गेले. शेवटी रवळूने आपलीही दोरी टाकली. मागे सरून येसू बघत राहिली.

"भावजी, ही किती वाव?"

"तीन."

"आणि ही पलीकडची?"

"तीनच की. सगळ्या तीन."

येसूने दोऱ्यांच्या टोकांकडे बोट केलं. रवळूनेही मग मागे सरून पाहिलं. डावीकडून उजवीकडे दोऱ्यांची टोकं जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत होती. खाडीचा तळ त्याच्यासमोर उलगडून टांगलेला होता. मूळ तांडेलाच्या दोरीशेजारी त्याने आपली धरली. त्याच्या तीन वाव म्हणजे मूळ तांडेलाच्या दोनच. भरलेल्या गलबताला दोन वाव पाणी लागायचंच, आणि नारळी पुनवेनंतर नदीने पुन्हा गाळ आणलेला होता.

"हे आता कधी येणार?" येसूने विचारलं. हे म्हणजे हरबा. तो मस्कतहून खजूर भरून निघाल्याचा निरोप आला होता.

"पावसाआधी. चार दिवसांत."

रवळू तसाच माणकशेटच्या पेढीवर गेला. शेटने पान पुढे केलं, सगळं ऐकून घेतलं.

"बुवा, तुमचे हात देवीने दिले. देवीच्या मापाला खोटं म्हणता?"

"मापाला नाही शेट. पाण्याला म्हणतोय. बुरुजावर लाल निशाण लावा. गलबत बाहेर नांगरू दे, माल होड्यांनी आणू."

"एकदा लाल निशाण चढलं की ते सगळ्या दर्याला दिसतं. पुढल्या साली गलबतं पलीकडच्या खाडीत जातील. हे बंदर दुसऱ्या कशावर उभं आहे? त्या एका आरोळीवर. गेल्या साली हरबा आला ना सुखरूप? यंदाही येईल."

"आणि नाही आला तर?"

माणकशेटने पानाचं तबक मागे ओढलं. "बुटक्या, तुला पालखीपुढे चालवला तो तुझ्या अकलेसाठी नाही. घरी जा."

रवळू घरी गेला. दोन-तीन दिवस तो घराबाहेर पडला नाही. त्याच्या मनात काय चाललं होतं ते येसूने पुढे सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक. तो सारखा आपले हात बघायचा. खरं बोललो तर मी पुन्हा बुटक्या, आणि गाव म्हणणार बंदर याने बुडवलं. गप्प बसलो तर रवळूबुवा, आणि भाऊ वाळूवर. हेही मनात यायचं की कदाचित शेटचंच खरं निघेल, गलबत खरवडत का होईना आत येईल. येसू जेवायला वाढायची, तो ताटावरून उठायचा. शेवटी ती म्हणाली, "मी तुम्हाला काही करा म्हणत नाही. तुम्हाला बघून ते नेहमी म्हणतात, माझा भाऊ बंदरात उभा आहे, मला काळजी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी शीड दिसलं. बुरुजावर पांढरं निशाण होतं, म्हणजे बेधडक आत या. माणकशेटने शंखवाल्याला तयार ठेवलं होतं. वारा पश्चिमेचा, भरती नुकती लागलेली. रवळूने कोणाला न विचारता एक होडी पाण्यात ढकलली. वल्ह्याला हात पुरत नव्हते, तो उभ्याने वल्हवत राहिला. काठावरचे लोक हसले. "बुवा, मस्कतला निघालात काय?"

खाडीच्या तोंडाशी लाटा उंच उठून फुटत होत्या. खोल पाण्यात लाट अशी फुटत नाही, तळ वर आला की फुटते. ती कोणी पाहिली नव्हती असं नाही, वाचली नव्हती. एका लाटेने होडी उलटली, दुसरीने नेली. रवळू बुडाला, आणि त्याच्या पायांना वाळू लागली.

तो उभा राहिला. जिथे तीन वाव पाण्याची आरोळी उठायची तिथे गावातला सगळ्यात ठेंगणा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. गलबत दीपमाळ आणि खिंड एका रेषेत धरून सरळ त्याच्यावर येत होतं. ओरडून वाऱ्यापुढे उपयोग नव्हता. तेव्हा त्याने आपले दोन्ही हात पसरले, देवीपुढे पसरायचा तसे, आणि पसरूनच ठेवले.

हरबा सुकाणूवर होता. त्याने पुढे सांगितलं ते असं की भर दर्यात एक माणूस उभा दिसला, आणि उभा राहण्याची ती ढब त्याने लहानपणापासून पाहिली होती. त्याने सुकाणू पूर्ण मुरडलं. गलबत कलंडत कलंडत वाळूच्या कडेने घसटून निघालं आणि बाहेर खोल पाण्यात नांगरलं. पण भरती थांबत नाही. पाणी छातीशी आलं, गळ्याशी आलं, मग नुसते हात दिसत राहिले. हरबाची होडी पोचली तेव्हा तेही नव्हते. हरबा ओहोटी लागेपर्यंत तिथे घिरट्या घालत होता. रवळू सापडला नाही.

ओहोटी सरली तेव्हा वाळूचा दांडा पहिल्यांदाच पूर्ण उघडा पडला, आणि तो दोन्हीकडे पसरलेल्या हातांसारखा होता म्हणे.

माणकशेटचे लोक देवळातल्या दोऱ्या जाळायला आले. येसू त्या मांडीवर घेऊन दारात बसली होती. "या जाळा," ती म्हणाली, "पण मग मला सांगा, माझा दीर कशावर उभा होता?" त्यांच्यातला एकही पुढे झाला नाही. तिनेच मग दोऱ्या पुन्हा टांगायला लावल्या, उलगडून, सगळ्यांना दिसतील अशा. मूळ तांडेलाची वाव दगडावर दोन खुणा करून कोरून घेतली. तेव्हापासून माणसाच्या हाताने माप नाही. आणि मोजणारा गावातला नाही. ज्याचं इथे गलबत नाही, दुकान नाही, शेतवाडी नाही असा पाव्हणा.

त्या वर्षीच्या पुनवेला दगडाच्या मापाने दीड वाव निघालं. शंख वाजला नाही. गलबतं पलीकडच्या खाडीत गेली, ती परत आली नाहीत. माणकशेटची पेढी बसली, पण तिच्याबरोबर हमालांची, सुतारांची, काथ्यावाल्यांचीही चूल विझली. बंदर रवळूने बुडवलं असं म्हणणारी घरं या गावात आहेत. त्यांनाही बोलवतो आम्ही आजच्या दिवशी, येतात तीही.

आजही मोठ्या ओहोटीला समोर ते वाळूचे हात उघडे पडतात, दर साली थोडे लांब झालेले. आजही आधी दांड्यावर एक नारळ जातो, मग शिसं सुटतं. गेल्या साली अर्धी वावही भरली नव्हती. यंदा त्याहून कमी भरेल, काठावर उभ्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी तुम्ही दोरी वर घ्याल तेव्हा ते तुमच्या तोंडाकडे बघतील. म्हातारी माणसं तर फारच आशेने बघतील. तुम्हाला वाटेल, यांच्या मनासारखं बोटभर जास्त सांगितलं तर काय बिघडतं.

भरती लागली, पाव्हणे. उठा. दोरी भिजेल तेवढंच सांगा. या खाडीचा हिशेब आज तुमच्या हातात आहे, तो खरा ठेवा.