दुर्पी बसली तो बांध

फार फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका, सांगणारेही थकले. तळकोकणात दोन डोंगरांच्या कुशीत एक पाणथळ मळा होता. त्याची माती कोळशासारखी काळी. पिढ्यान् पिढ्या पानं, मुळं पाण्यात कुजून तिचे थरावर थर बसले होते, असं म्हणतात. मळ्यात लव्हाळा वाढायचा आणि दुर्पी नावाची एक एकटी विधवा त्याच्या चटया विणायची.

गावाला भात जास्त हवं झालं. माणसाला हवं झालं की डोकं चालत नाही. गावचा मानकरी तातू गावकर, त्याने माणसं लावली, मळ्यातून ओढ्यापर्यंत चर खणला आणि पाणी काढून दिलं. दोन वर्षं भात असं आलं, की कणग्या पुरेनात. तिसऱ्या उन्हाळ्यात, जशी सगळ्या शेतात करतात तशी, त्यांनी तिथेही भाजावळ केली. पाला पसरला, वर शेण टाकलं, पेटवून दिलं. पाला जळून गेला. आग मात्र विझली नाही, ती वाळलेल्या मातीत उतरली.

जमीनच जळू लागली हो! ज्वाळा नाही, नुसता धूर. आज इथून, उद्या तिथून. एका बैलाचा पाय खचून निखाऱ्यात गेला. पोरं खोकून खोकून निळी पडत. पाऊस आला की आग दबायची आणि उन्हाळ्यात परत वर यायची. मळा खचत चालला आणि आग सरकत सरकत घरांकडे निघाली.

दुर्पी म्हणाली, "चर बुजवा. पाणी होता तवसर ही माती निजलेली होती."

तातू चिडला. "मळो बुडवन आमी खावचा काय गे?"

"आता काय खातास? धूर?"

कोणी आलं नाही. मग तिने एकटीनेच टोपलीने चिकणमाती वाहून चराच्या तोंडाशी बांध घातला. डोंगराचं पाणी तो फोडायचं, ती लिंपायची. परत फुटायचा, परत लिंपायची. तिच्या तळहाताच्या रेघा झिजून गेल्या, असं म्हणतात. पण पाणी चढलं. ते पुढे सरकलं तशी आग मागे हटली आणि शेवटी मोठा सुस्कारा टाकून विझली. तो सुस्कारा पलीकडच्या गावात ऐकू गेला.

मग दुर्पीने ओल्या मळ्यात लव्हाळा आणि पाणकणीस लावलं. तिची टाच जिथे रुते, तिथे उद्या कोंब दिसे. गावानेही शिकून घेतलं. भात गेलं, पण चटया, टोपल्या, छपराची शाकारणी, सगळं त्या मळ्यातून येऊ लागलं. त्या चटईवर तापाचं माणूस निजलं की ताप उतरतो, असं म्हणतात.

कापायला सगळं गाव यायचं. बांध लिंपायला कोणी नाही. गरज सरो, वैद्य मरो! दुर्पी म्हातारी झाली, कंबर वाकली. लव्हाळ्याचे भारे घेऊन बांधावरून जाणाऱ्यांना ती म्हणायची, "दमलंय रे मी. कोणतरी येवन वाईच बसा हय."

"येतंव गे, येतंव," म्हणत लोक पुढे जायचे. किती सोपं असतं असं म्हणणं.

एका माघात, भर दुपारी, बांधाला मोठं भगदाड पडलं. पाणी धो धो निघालं. दुर्पीच्या हातात टोपली उचलायचं बळ उरलं नव्हतं. तिने हाकही मारली नाही. पाण्याकडे पाठ केली आणि त्या भगदाडात बसली.

संध्याकाळी लोक आले तेव्हा बांध अखंड होता. दुर्पी नव्हती. तिथे लव्हाळ्याचं एक दाट बेट उगवलं होतं, कंबरेत वाकलेलं. तातू गावकर तिथेच पोरासारखा रडला. त्या दिवशी त्याने स्वतःच्या हातांनी बांध लिंपला. काय उपयोग!

तेव्हापासून माघ लागला की गावातलं एकेक घर एकेक दिवस त्या बांधावर राखणीला बसतं. ज्याचा दिवस असेल तो ओली माती आणि चटई घेऊन येतो. नारळ नाही, देवाला घालतात तसं गाऱ्हाणं नाही. बेटापाशी वाकून तो एवढंच म्हणतो, "ऊठ गे दुर्पे, आता मी बसतंय."

आणि लगेच बसत नाही. थोडा वेळ तसाच उभा राहतो. म्हातारी फार दमली आहे, तिला उठायला वेळ लागतो.