आधी चालवून बघा

खुर्ची मिळाली की काहींना सगळ्यातलं सगळं कळू लागतं. वाचनालयाचे नवे अध्यक्ष आप्पासाहेब मोहोळकर त्यातलेच.

नलूताई तिथे नवशिक्यांना लिनक्स ही संगणकप्रणाली शिकवत होत्या. "आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. पटलं तरच लॅपटॉपवर टाका, नाहीतर पेनड्राइव्ह काढून घ्या. जुनं सगळं जागच्या जागी राहतं."

तेवढ्यात फोटोग्राफर घेऊन आलेले आप्पासाहेब गुरकावले, "हा कसला भित्रेपणा? जुनं पुसा, नवं टाका! आम्हाला निवडून देताना कुणी चालवून बघितलं होतं?"

शिकायला आलेल्या जोगळेकर आजोबांनी नातीच्या फोटोंनी भरलेला लॅपटॉप घाबरून छातीशी धरला, तसं नलूताईंचं डोकं फिरलं. पण त्या गोड हसून म्हणाल्या, "तिथंच तर चुकलं, आप्पासाहेब! आता पाच वर्षं काढताही येत नाही."

फोटोग्राफर एवढा हसला, की आप्पासाहेबांचा फोटो हललेलाच आला.