बसल्या हरणाची ऊब

एका राज्यात रणकेतू नावाचा राजा होता. हरणाच्या शिकारीचा त्याला भारी नाद. हंगाम आला की म्हातारी भिवाई त्याच्यासाठी माग काढी. हरणं कुठे चरतात, कुठे बसतात, सारं तिला ठाऊक. त्या रानाचा एक नेम होता. बैठकीवरच्या, म्हणजे गवत दाबून बसलेल्या हरणावर बाण सोडायचा नाही. माग काढणारीने आधी टाळी वाजवायची, हरणाने उठायचं, मग राजाचा नेम आणि हरणाचे पाय.

एकदा भिवाईने टाळीसाठी हात उचलले, ते राजाने धरले. बाण सुटला. बसलेली हरिणी तिथेच कोसळली आणि मरता मरता बोलली, "ज्याने मला बसल्या जागी मारलं, त्याच्या घरात कुणाचा डोळा लागणार नाही."

तसंच झालं. राणी जागी, दास्या जाग्या. राजवैद्य स्वतःच जागा, तो काय कपाळाचं औषध देणार! मोठी माणसं कसेबसे दिवस ढकलत होती. पण पाळण्यातली राजकन्या मंजिरी अवघी सहा महिन्यांची. तिचे गाल बसले, रडण्यातला आवाज गेला. आता ती फार दिवस काढणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेव्हा अंगणात एक टिटवी उतरली. जमिनीवर अंडी घालणारी ती, बसल्या जागेचं मोल तिला ठाऊक. म्हणाली, "राजा, तीन बैठकींचं गवत ऊबदार असताना मुठीत घे. हरणाला उठवलंस तर सारं व्यर्थ. तिसरी बैठक त्या हरिणीचीच हवी."

राजाने धनुष्य ठेवलं आणि भिवाईचं दार गाठलं.

"दोष माझाही आहे, महाराज," ती म्हणाली. "हात तुम्ही धरलेत, पण तोंड मोकळं होतं माझं."

दिवस थंडीचे. सकाळी हरणं कोवळ्या उन्हाच्या उतारावर बसतात. तिथे एक काळवीट होता. तो आपणहून उठला, आळस देऊन चरायला गेला, मग राजाने पहिली मूठ भरली.

दुपारी करवंदीच्या जाळीपाशी भिवाई कुजबुजली, "वारा पाठीशी, नजर पुढे, अशी बसतात ती. आपण आडवं जाऊ." मुंगळे राजाच्या पायावर चढले. जन्मात कुणासाठी न थांबलेला तो राजा, हरीण आपणहून उठेपर्यंत हूं की चूं न करता थांबला. दुसरी मूठ मिळाली.

उन्हं कलताना ते हरिणीच्या जागी पोहोचले. गवत अजून दबलेलं होतं. शेजारी तिचं पाडस उभं होतं, पाय लटपटत होते, पण बसत नव्हतं.

"भिवाई, गवत गार आहे."

"बसणारीच नाही, महाराज."

राजाने पागोटं काढलं आणि त्या दबल्या गवतात अंग मुडपून पडला. पाडसाने हुंगलं, मागे सरलं, पुन्हा आलं. राजा रडत होता, पण हलला नाही. शेवटी पाडसाने गुडघे मोडले आणि त्याच्या पोटाशी निजलं. खालचं गवत ऊबदार झालं. राजाने मूठ भरली, आणि मूठ तशीच असताना त्याचा डोळा लागला.

त्याच क्षणी महालात मंजिरी झोपली. पाळण्याची दोरी हातात धरून राणीही.

राजाला शोधत शिपाई ढोल घेऊन आले. भिवाई दोन्ही हात पसरून वाटेत उभी राहिली.

"बसल्याला उठवायचं नाही," ती म्हणाली. या खेपेला तिचे हात कुणी धरले नाहीत.

मंजिरी मोठी झाल्यावर हंगामाची पहिली टाळी तीच वाजवू लागली. हरणं निजली, राजा निजला. ऐकणाऱ्यांनीही आता सुखाने निजावं.